डाव्या-उजव्या रेणूंच्या मॅडम

फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाचा पहिला तास असला की आमच्या मॅडम चपला उलट्या पायांत घालून वर्गात यायच्या. डावी उजव्या पायात, उजवी डाव्यात. तशाच फळ्यापासून मागच्या बाकापर्यंत फेऱ्या मारायच्या, हजेरी घ्यायच्या, खडू आणायला माझ्या प्रयोगशाळेपर्यंतही लंगडत यायच्या. पोरं एकमेकांना कोपरं मारायची, मुली ओढणीत तोंड लपवायच्या. सांगायची हिंमत कुणाचीच होत नसे.

दहा मिनिटं झाली की मॅडम थांबायच्या. "काय बघितलंत?"

शेवटी कुणीतरी धीर करायचं. "मॅडम, चपला उलट्या झाल्यात."

"माप माझंच आहे. चामडं तेच, पट्टा तोच, दुकान तेच. मग मी लंगडत का होते?"

मग दोन्ही चपला काढून हातात धरायच्या.

"ही डावी, ही उजवी. आरशात धरली तर एक दुसरीसारखी दिसते, पण पायाला फरक कळतो. औषधांचे कितीतरी रेणू असे जोडीने असतात. आणि औषध शरीरात जिथे जाऊन बसतं त्या जागेला, म्हणजे रिसेप्टरला, तुमच्या पायापेक्षा जास्त कळतं." एवढं बोलून त्या चपला नीट घालायच्या आणि फळ्याकडे वळायच्या. पुढचं सगळं वर्ष त्या वर्गात कुणी डावा-उजवा रेणू चुकवला की मागून कुजबुज व्हायची, "चप्पल, चप्पल!"

मी त्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. नाशिक संपून द्राक्षबागा सुरू होतात तिथे आमचं कॉलेज. मॅडम रोज देवळाली कॅम्पातून दोन बस बदलून यायच्या. ठेंगण्या, सुती साडीतल्या, पर्समध्ये भिंग बाळगणाऱ्या. अकरा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खोलीत काम केलं. माणूस ओळखायला अकरा वर्षं पुरतात असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटत होतं.

भिंग कशाला, तर गोळ्यांची पाकिटं वाचायला. स्टाफरूममध्ये कुणी कपाळ चोळत गोळी काढली की मॅडमचा तळहात पुढे यायचा. "पाठ दाखव."

पाठ म्हणजे पाकिटाची मागची बाजू. पुढे कंपनीने ठेवलेलं नाव मोठ्या अक्षरांत असतं. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत आतलं खरं औषध. मॅडम भिंग लावून वाचायच्या आणि बाजारात माहेरचं माणूस भेटावं तसा त्यांचा चेहरा खुलायचा. "अगं, हा होय! ह्याचा उजवा भाऊही होता बरोबर. आधी दोघं एकाच गोळीत नांदायचे. आता हा वेगळा निघालाय."

एकदा प्रिन्सिपॉल सर भर मीटिंगमध्ये सर्दीची गोळी तोंडात टाकणार, तोच त्यांच्यापुढेही तळहात आला.

"मॅडम, मीटिंग चालू आहे."

"चालू द्या की. पण ह्या गोळीने झोप येते, सर."

सरांनी गोळी खिशात ठेवली. ती मीटिंग अडीच तास चालली. बाहेर पडताना सगळा स्टाफ मॅडमकडे खाऊ की गिळू नजरेने बघत होता.

पण एका बाबतीत त्यांच्याशी थट्टा चालत नसे. त्यांचा खरा विषय मनाच्या आजारांवरची औषधं. मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन निरोप पोचवतं. निरोपांचा गोंधळ वाढला की ह्या औषधांचे रेणू त्याच्या रिसेप्टरवर जाऊन बसतात आणि गलका कमी करतात. एकदा त्या हे शिकवत असताना एक मुलगा हसून म्हणाला, "म्हणजे वेड्यांच्या गोळ्या ना, मॅडम?"

मॅडम रागावल्या नाहीत. त्याच्या बाकापाशी गेल्या. "ह्या रिसेप्टरला नाव-गाव नसतं. तुझ्या डोक्यातही तोच आहे, माझ्याही. तुझा आज शांत आहे, एवढंच." आणि मग अगदी हळू, "तो शब्द माझ्या तासाला नको." तो मुलगा पुढे तीन वर्षं त्यांच्या पहिल्या बाकावर बसला.

त्यांच्यात दोष नव्हते असं नाही. काम गबाळं झालेलं त्यांना खपायचं नाही. माझी धुतलेली नळी उजेडात धरून त्यांनी कितीदा परत पाठवली असेल! आणि पाच वाजून दहा मिनिटांची बस त्या कशासाठीही चुकवत नसत. गॅदरिंग असो, कुणाची निवृत्ती असो, सहल असो, मॅडम पाचला पर्स उचलणार. कुणाच्या लग्नाला नाहीत, बारशाला नाहीत. "गर्विष्ठ आहे," असं स्टाफरूममध्ये बोललं जायचं. खोटं कशाला सांगू, मीही बोललेय.

चार ते पाच हा त्यांचा स्वतःचा तास. ऑफिसने टाकून दिलेला एक कॉम्प्युटर त्यांनी मागून घेतला होता. त्यावर रिसेप्टरचं चित्र गोल गोल फिरायचं आणि मॅडमची मानही बरोबर फिरायची. एका जुन्या औषधाच्या घराण्यातले नवे रेणू त्या मनाने रचायच्या, प्रत्येकाचा डावा आणि उजवा, आणि कोणता कुठे बसतो ते पाहायच्या. "काही वेळा डावा एका रिसेप्टरवर बसतो आणि उजवा भलत्याच," त्या मला सांगायच्या. "लोकांना वाटतं, एक कामाचा आणि दुसरा टाकाऊ. तसं नसतं गं. दुसऱ्याची जागा आपल्याला सापडलेली नसते." मग पडद्याकडे बघून लहान मुलाला भरवावं तसं पुटपुटायच्या, "बस ना बाळा, बस एकदाचा."

शिकवायला त्यांच्याकडे तारेचे आणि रंगीत मण्यांचे रेणू होते. इतके सुबक, की बाहेरून आलेले परीक्षकही हातात घेऊन फिरवून बघायचे. "हे कुठे मिळतात?" मी एकदा विचारलं.

"घरी," एवढंच म्हणाल्या आणि कपाट लावून घेतलं.

मग माझ्या आईचं दुखणं निघालं.

वडील गेल्यावर आई निफाडकडचं गाव सोडून माझ्याकडे राहायला आली होती. सगळं आयुष्य तिने द्राक्षबागांत विरळणीचं काम केलेलं. घडातले नेमके मणी कात्रीने काढायचे आणि शेजारच्या मण्याला धक्का लावायचा नाही. बागाईतदार तिला आधी बोलवायचे, अशी तिच्या हाताची ख्याती. तेच हात थरथरायला लागले. आधी चहाचा कप, मग घास. पावलं घसटत पडू लागली. आणि चेहरा... तो कसा सांगू? तिच्यासमोर नातीने कितीही माकडचेष्टा केल्या तरी तो हलायचा नाही. भिंतीकडे बघावं तशी ती आमच्याकडे बघायची. मेंदूच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या. त्याने फरक पडेना, वर मळमळ. मी रजा घेऊ लागले, उशिरा जाऊ लागले.

मॅडमनी कारण विचारलं, मी सांगितलं. त्या रविवारी दुपारी त्या आमच्या दारात उभ्या! आजवर कुणाच्या घरी न गेलेल्या मॅडम. मी गडबडून गेले.

आई म्हणाली, "बसा मॅडम. पोरगी लय नाव घेती तुमचं." बोलली, पण डोळ्याची पापणी हलली नाही. कपबशी पुढे करताना तिच्या दोन्ही हातांनी ताल धरला. मॅडमनी कपबशी काढून घेतली आणि आईचा हात हातात धरून बसून राहिल्या. बराच वेळ. मग मला विचारलं, "दोन्ही हात एकदमच सुरू झाले?"

"हो."

"ओठही थरथरतात. हा चेहरा मी बघितलाय गं."

"कुठे?"

"माझ्या घरात." एवढं बोलून त्यांनी तळहात पुढे केला. "सगळ्या गोळ्या आण. पाठ दाखव."

मी स्टीलचा डबा आणून ओतला. रक्तदाबाची, कंपवाताची, आणि पित्ताची. पित्ताची कॅप्सूल दीड वर्षापूर्वी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दिली होती, पंधरा दिवसांसाठी. आईला बरं वाटलं, म्हणून मी त्याच जुन्या चिठ्ठीवर दर महिन्याला मेडिकलमधून आणत राहिले. मेडिकलवाल्याने कधी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

मॅडमनी भिंग लावलं आणि त्यांचा चेहरा नेहमीसारखा खुलला नाही.

"पित्ताच्या औषधाबरोबर ह्यात लेव्होसल्पिराइड आहे. सल्पिराइड म्हणून मनाच्या आजारावरचं जुनं औषध आहे. त्याचा हा एकटा डावा रेणू. डोपामिनच्या रिसेप्टरवर घट्ट बसणारा हाच. थोड्या प्रमाणात पोटासाठी देतात. बहुतेकांना काही होत नाही. पण वय झालेल्या माणसाने फार दिवस घेतलं, तर मेंदूतही हा हातपाय पसरतो. मग कंपवातासारखंच दिसतं सगळं."

मला बसायला जागा सुचेना. दीड वर्ष ती गोळी मीच आणत होते. रोज जेवणाआधी पाण्याचा पेला घेऊन मीच तिच्यासमोर उभी राहत होते.

"मी आत्ताच फेकून देते," मी म्हणाले.

"काही फेकायचं नाही. मी डॉक्टर नाही, मला फक्त रेणू ओळखता येतात. उद्या आपण त्यांच्याकडे जाऊ."

"असली औषधं बंदच करायला पाहिजेत, मॅडम! माणसाचं लाकूड करतात."

तेव्हा मात्र त्या ताडकन म्हणाल्या, "तसं बोलू नकोस. ह्याच घराण्यातल्या औषधाने मला माझा भाऊ परत दिलाय."

ऐकणाऱ्या आम्ही दोघीच. आईने लाकडी चेहऱ्याने विचारलं, "भाऊला काय झालं होतं, बाय?" आणि मॅडमनी सांगितलं. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये फिटर असलेल्या वडिलांचा एकुलता मुलगा. त्याच वर्कशॉपमध्ये शिकाऊ लागला, बाविसाव्या वर्षी आवाज ऐकू येऊ लागले. घर सोडून तीनदा निघून गेला. सुरुवातीच्या इंजेक्शनांनी आवाज गेले, पण माणूस असाच कडक होऊन बसला, हाच चेहरा, हेच ओठ. मग डॉक्टर बदलले, औषध बदललं, मात्रा बसली आणि हळूहळू तो जेवताना भाजीला नावं ठेवू लागला. "ज्या दिवशी त्याने 'मीठ कमी आहे' म्हटलं ना, त्या दिवशी मी ठरवलं, हे रेणू कुठे बसतात ते आपण शिकायचं." आई-वडील गेल्यावर दोघंच राहिले. पाच-दहाची बस त्याच्यासाठी होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. दवाखाना तुडुंब. डॉक्टरांनी मॅडमकडे बघून विचारलं, "आपण डॉक्टर आहात?"

"नाही. मी केमिस्ट्री शिकवते."

"मग?"

"मग फक्त एक प्रश्न घेऊन आलेय." मॅडमनी पाकीट पालथं करून त्यांच्यासमोर ठेवलं. वर भिंग ठेवलं. "ही दीड वर्षं चालू आहे. चिठ्ठी पंधरा दिवसांची होती."

बाहेर लोक खोकत होते. डॉक्टरांनी पाकीट उचललं, वाचलं, आईला उठून चालायला लावलं, मनगट वाकवून बघितलं. मग खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "ही गोळी मला कुणी सांगितली नाही."

"आम्हाला वाटलं, पित्ताची आहे, ती काय सांगायची," मी पुटपुटले.

"मी विचारायला हवं होतं." हे ते मॅडमकडे बघून म्हणाले. त्यांनी ती कॅप्सूल बंद केली, कंपवाताच्या गोळ्याही टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरवलं. "महिने लागतील. पूर्ण सुटेल असं वचन देत नाही. पण वाट बघण्यासारखं आहे."

ते महिने फार वाईट गेले. पित्त उसळायचं. आई चिडचिड करायची, म्हणजे शब्दांनी. "माझी गॅसची गोळी आन. त्या मॅडमचं ऐकून मला मारती का काय?" मी दुपारी प्रयोगशाळेत येऊन रडायचे. मॅडम समजूत काढत नसत. रोज एकच विचारायच्या, "पापणी?" म्हणजे आईची पापणी मिनिटात किती वेळा लवते ते मी बघायचं. चेहरा सुटू लागला की ती जास्त लवते. मी बघायचे आणि येऊन सांगायचे. चार. पाच. पुन्हा चार. एकदा सात.

पाचव्या महिन्यात एका संध्याकाळी मी भाजी करपवली. आई आतून आली, पातेल्यात डोकावली आणि म्हणाली, "कुठं लक्ष हाय तुझं? एवढी शिकली, भाजी नाय कळत?" मी मान वर केली. भुवया चढलेल्या, नाक फुललेलं, डोळे वटारलेले. दीड-दोन वर्षांनी माझी आई माझ्यावर चेहऱ्याने रागावली होती!

मी तशीच फोन लावला. "मॅडम, आई रागावली!"

"चेहऱ्याने?"

"चेहऱ्याने."

 पलीकडून त्या म्हणाल्या, "अजून थोडी करपव."

हाताची थरथर पूर्ण गेली नाही. सकाळी थोडी असते. पण पुढच्या हंगामात आई मामाच्या बागेत जाऊन विरळणीला बसली. तासभरच.

तुम्ही म्हणाल, एवढ्या हुशार बाई, मग एका लहान कॉलेजात का राहिल्या? ते पुढच्या वर्षी कळलं.

मॅडमनी रचलेल्या रेणूंपैकी एक जोडी हैदराबादच्या एका मोठ्या प्रयोगशाळेने बनवून खरोखरच्या रिसेप्टरवर तपासायचं कबूल केलं होतं. मॅडमचा कॉम्प्युटर सांगत होता, डावा बसेल, उजवा कुठेच बसणार नाही. निकाल आला त्या दिवशी मॅडम पेढ्यांचा पुडा घेऊन स्टाफरूममध्ये शिरल्या.

"अभिनंदन!" प्रिन्सिपॉल सर म्हणाले. "बरोबर आलं ना?"

"चुकलं! साफ चुकलं!" मॅडम पेढा त्यांच्या हातावर ठेवत म्हणाल्या. "उजवा बसला, सर! डोपामिन सोडून सेरोटोनिन ह्या दुसऱ्याच रसायनाच्या एका रिसेप्टरवर असा काही बसलाय, की तिथले लोक डोकं खाजवतायत."

सर पेढा हातात धरून उभे. चुकल्याचे पेढे खायचे कसे, हे त्यांना कळेना. मॅडम मात्र दिवसभर पोरीसारख्या हसत होत्या. "तीन वर्षं मी त्याला टाकाऊ म्हणत होते," मला सांगत होत्या. "बसायला जागा होती त्याला. मलाच दिसली नाही."

आठवड्याने तिकडून पत्र आलं. दोन वर्षांसाठी येता का? ज्यांनी हा रेणू रचला, त्यांनीच येऊन का चुकलं ते शोधावं. पीएचडीही तिथे पुरी होईल. मॅडमनी पन्नाशी ओलांडलेली, पीएचडी वीस वर्षांपूर्वी अर्धी सोडलेली. सगळ्या कॉलेजात बातमी पसरली. आणि मॅडम म्हणाल्या, "नाही जमायचं." कारण विचारलं तर, "बस चुकेल माझी," म्हणत पर्स उचलली.

आईने मामाकडून द्राक्षाची पेटी मागवली होती. "त्या मॅडमच्या घरी दिऊन ये, आन् त्यांना जा म्हनाव." म्हणून कॉलेजच्या सुट्टीच्या दिवशी मी देवळाली कॅम्पात गेले. बाजारामागे दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खिडकीखाली छोटं टेबल, आणि टेबलाशी चाळिशी लावलेले एक करड्या केसांचे गृहस्थ पकडीने तार वळवत बसलेले. समोर वाटीत रंगीत मणी. मी बघतच राहिले. आमच्या कपाटातले ते सगळे सुबक रेणू ह्यांच्या हातचे होते.

"भाऊ, ह्या आमच्या लॅबच्या," मॅडमनी ओळख करून दिली.

"नमस्कार, ताई. तुमच्याकडे माझा एक निळा मणी निखळला होता ना? गेल्या वर्षी. आक्का म्हणाली, तुम्ही चिकटवलात. गोंद जास्त झाला होता." हुबेहूब बहिणीचा भाऊ!

दूर कुठेतरी धडाम आवाज झाला. लष्कराचा सराव चालू होता.

"आक्का, वाजलं का?" भाऊंनी विचारलं.

"वाजलं."

थोडा वेळ गेला. मला काहीही ऐकू आलं नव्हतं, तरी भाऊंनी मान वर केली. "आणि आता?"

"आता नाही," मॅडम शांतपणे म्हणाल्या. भाऊंनी मान हलवली आणि तारेला पुढचा पीळ दिला.

मॅडमनी मला आतल्या दाराशी नेलं. "देवळालीत तोफा सगळ्यांनाच ऐकू येतात. ह्याला कधीकधी थांबल्यावरही येतात. औषधाने खूप कमी झालंय, पण अगदी गेलेलं नाही. मी आजवर त्याला खोटं उत्तर दिलेलं नाही, म्हणून मला विचारतो. आता सांग, मी गेले तर तो कुणाला विचारेल?"  त्या द्राक्षं धुवायला मोरीकडे गेल्या.

मी परत येऊन बसले. भाऊ तारेकडे बघतच म्हणाले, "हैदराबादचं पत्र कपाटात साड्यांखाली आहे. मी वाचलंय."

मी मोरीच्या दिशेने पाहिलं.

"ताई, जरा थांबा हं. ऐका." दूर पुन्हा धडाम झालं. पाठोपाठ खिडकीची काच चौकटीत किणकिणली. "ऐकलंत? तोफ खरी असली की काच वाजते. माझ्या डोक्यातली असली की वाजत नाही. तीन-चार वर्षं झाली मला हे कळून."

"मग त्यांना का विचारता?"

"तिला बरं वाटतं."

मी वळले. मॅडम दारात ताटलीभर द्राक्षं घेऊन उभ्या होत्या. पाणी निथळून त्यांच्या पावलांवर पडत होतं.

"कधीपासून म्हणालास?" त्यांनी विचारलं.

"ही मोठी खिडकी बसवली तेव्हापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारलं नाहीस." भाऊंनी पकड खाली ठेवली. "आक्का, माझ्यासाठी थांबलीस असं लोकांना सांगू नकोस. मी थांब म्हटलं नव्हतं."

एवढं कडक वाक्य मी त्या बाईंना कुणी बोललेलं ऐकलं नव्हतं. त्या खाली बसल्या. एक द्राक्ष तोंडात टाकलं, दुसरं टाकलं. मला उठून जावंसं वाटत होतं.

"आणि गोळी?" शेवटी त्यांनी विचारलं.

"घेतो की. तू देतेस म्हणून घेत नाही. घेतल्यावर बरं असतं म्हणून घेतो. डॉक्टरांकडे महिन्याला मीच जातो, तू नुसती बरोबर येतेस."

"आणि बिघडलं तर?"

"बिघडलं तर फोन करीन. तुला, नाहीतर ह्या ताईंना. शिवाय शेजारपाजारचे आहेत. तू चंद्रावर चाललीस का?"

तेवढ्यात पुन्हा तोफ झाली आणि काच किणकिणली. मॅडमनी सवयीने तोंड उघडलं आणि काही न बोलता मिटलं. मग डोळ्यांना पदर लावून हसायला लागल्या. भाऊ म्हणाले, "द्राक्षं गोड आहेत. पण धुताना अर्धी फोडलीस."

जूनमध्ये त्या गेल्या. नाशिकरोडहून दुपारची गाडी, मनमाडला बदलून पुढे हैदराबाद. निरोपाला मी आणि भाऊ. प्लॅटफॉर्मवर मॅडमनी मला सूचनांची पावसाळी सर सोडली. कोणती बाटली कुठे, नव्या बाईंना काय दाखवायचं, नळ्या कशा धुवायच्या. मी अकरा वर्षं त्या धुतल्या नसल्यासारखं!

भाऊ बॅग आत ठेवून खिडकीशी आले. "मला पण काही सांग की."

"तुला काय सांगायचं?"

"काहीतरी सांग. नाहीतर रडशील."

मॅडमनी ओठ घट्ट मिटले. "दूध उतू घालू नकोस," त्या कशाबशा म्हणाल्या आणि रडल्याच.

गाडी हलली. भाऊ खिडकीबरोबर चालत गेले नाहीत. शेवटचा डबा जाईपर्यंत जागच्या जागी उभे राहिले. मी रुमाल शोधत होते. त्यांनी माझी पिशवी उचलली.

"चला, ताई. तुमची पंचवटीची बस कुठून सुटते मला माहीत आहे. तुम्हाला बसवून देतो, मग मी जातो."

त्यांनी मला बसवून दिलं, पिशवी मांडीवर ठेवली, कंडक्टरला माझा स्टॉप सांगितला. बस वळताना मी मागे पाहिलं. स्टँडच्या समोरच्या फलाटावर देवळाली कॅम्पची बस लागली होती. एका जवानाची बायको दोन मुलं आणि ट्रंक घेऊन चढायची धडपड करत होती. भाऊंनी ट्रंक उचलून आत दिली, मुलांना चढवलं, ती चढेपर्यंत थांबले. मग खिशातले सुटे पैसे चाचपून तेही आत चढले आणि गर्दीत दिसेनासे झाले.